सायकलीस यंत्र जोडणारा कारागीर : ग्लेन कर्टिस

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूरकडे जाताना प्रत्येक बाजारगावी दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची लहान लहान दुकाने दृष्टीस पडतात. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली पायडल मारून सुरू होणारी ‘लूना’ बाजारात आणली. अशा लहानशा यंत्राचे पोट उघडलेले दिसले की, शाळेतून घरी निघालेल्या मुलाचे पाय तेथे अडखळावयाचेच. हा छंद मुलास बिघडवील की घडवील, ही पालकांची चिंता अगदी स्वाभाविक आहे. असाच छंद लागलेल्या एका मुलाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ग्लेन हॅमंड कर्टिस यांचा जन्म २१ मे १८७८ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, क्यूका सरोवराच्या काठच्या हॅमंड्सपोर्ट या लहान गावी झाला. ग्लेन बालवयात असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. पुढे धाकटी बहीण रुथा हिची श्रवणशक्ती आजारात गेली व तिच्या शिक्षणासाठी कुटुंबास रॉचेस्टर शहरी जावे लागले. ग्लेनचे स्वतःचे शालेय शिक्षण मात्र आठव्या इयत्तेपाशीच थांबले. त्याने प्रथम ईस्टमन यांच्या छायाचित्रांच्या फिल्मच्या कारखान्यात नोकरी केली, नंतर सायकलवरून तारा पोहोचविल्या, शर्यती जिंकल्या आणि अखेरीस आपल्या जन्मगावी सायकलींचे दुकान थाटले.

१९०१ च्या सुमारास सायकलीस पेट्रोलचे यंत्र जोडण्याची कल्पना त्यांच्या मनाने घेतली. बफेलो येथील टॉमस यांच्या कारखान्यातून त्यांनी यंत्राचे ओतीव भाग मागविले व ते स्वतः घासून, जुळवून उभे केले. आता प्रश्न उरला तो यंत्रास श्वास कसा द्यावा हा. पेट्रोल नुसते पातळ स्थितीत नीट जळत नाही. त्याची वाफ होऊन ती हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते. वजनाने पाहिल्यास एक भाग पेट्रोलास सुमारे १५ भाग हवा लागते. पेट्रोल अधिक झाले तर काळा धूर निघून ठिणगीचा प्लग काजळतो, आणि हवा फार झाली तर यंत्र तापते व अडखळते. हे मिश्रण करणारे साधन म्हणजे कार्ब्युरेटर.

कर्टिस यांनी ते साधन टोमॅटोच्या रिकाम्या डब्यापासून बनविले! डब्यात त्यांनी बारीक जाळी बसविली. कंदिलाची वात ज्याप्रमाणे तेल वर ओढून घेते, त्याचप्रमाणे ती जाळी पेट्रोल वर ओढी. यंत्राकडे जाणारी हवा त्या ओल्या जाळीवरून वाहताना पेट्रोलची वाफ सोबत घेऊन जाई. युक्ती साधी होती, पण अशा साधनात एक उणीव असते. थंडीत वाफ कमी होते, उन्हात अधिक होते, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण स्थिर राहत नाही. म्हणून घरी केलेल्या वस्तूची खरी परीक्षा मेजावर होत नाही, ती रस्त्यावर होते. त्या परीक्षेत कर्टिस यांचे पहिले यंत्र दुबळे ठरले. दुसरे यंत्र बलवान होते, परंतु सायकलीस ते फारच जड झाले. तेव्हा निराश न होता त्यांनी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे यंत्रे घडविण्यास आरंभ केला.

पुढील यशाचे मोजमाप घड्याळानेच केले. १९०३ साली त्यांनी आपल्या मोटारसायकलवर एक मैलाचे अंतर ताशी ६४ मैलांच्या वेगाने तोडले. २४ जानेवारी १९०७ रोजी फ्लॉरिडातील ऑर्मंड बीच येथे ८ सिलिंडरांच्या यंत्रावर स्वार होऊन त्यांनी ताशी १३६.३६ मैल, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर, इतका वेग गाठला. हा विक्रम अधिकृत नोंदीत गेला नाही, तरी त्या काळी भूमीवर इतक्या वेगाने कोणी गेले नव्हते.

हलके पण बलवान यंत्र हीच त्या काळी आकाशयानांचीही गरज होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०७ साली कर्टिस यांना आपल्या मंडळात घेतले. ४ जुलै १९०८ रोजी ‘जून बग’ विमानातून एक किलोमीटरहून अधिक उड्डाण करून कर्टिस यांनी पारितोषिक मिळविले. २९ मे १९१० रोजी ते ऑल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत उडाले, आणि १९११ साली त्यांनी पाण्यावरून उठणारे विमान यशस्वी केले.

त्यांच्या कीर्तीस एक डागही लागला. विमानाचा तोल सांभाळण्याच्या युक्तीवरून राइट बंधूंनी १९०९ साली त्यांच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला आणि १९१४ साली अपील न्यायालयाचा निकाल राइट यांच्या बाजूने लागला. आपल्या हातांनी घडविलेली वस्तूसुद्धा दुसऱ्याच्या शोधावर उभी असू शकते, आणि ते ऋण मान्य करणे हा कारागिराचा धर्म आहे, हेही या चरित्रातून शिकावयाचे. २३ जुलै १९३० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, बफेलो येथे त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रांनो, आजही पुष्कळ तरुण गाडीची हवेची गाळणी काढून टाकतात आणि आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली असे समजतात. आपल्या मराठवाड्यातील उन्हाळ्याची धूळ मग थेट सिलिंडरात शिरते आणि दट्ट्या व सिलिंडर दोन्ही झिजवून टाकते. सुधारणा करावयाची असेल तर एका वेळी एकच बदल करावा, तोच चढ व तेच ओझे ठेवावे, वेळ घड्याळाने व पेट्रोल मापाने मोजावे, आणि वहीत जे आले तेच खरे मानावे. हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली, दिव्याकाडीपासून दूर व्हावे, हे सांगणे नकोच.

पालकांसही एक विनंती. मुलाचे हात तेलाने माखले म्हणून रागावण्यापूर्वी त्याची वही मागून पाहावी. तीत मोजमापे लिहिलेली आढळली तर तो केवळ खेळत नसून शिकत आहे, असे खुशाल समजावे.