कुबेराची स्वस्त सिगारेट

उंची सिगारची पारख हे एक शास्त्रच मानले जाते. जाणकार प्रथम वरच्या पानाचा रंग न्याहाळतो, त्याच्या शिरा बोटांनी चाचपतो, न पेटवताच एक झुरका घेऊन पाहतो. मग सिगार सावकाश पेटवायचा, धूर छातीत न घेता तोंडात घोळवायचा, राख किती वेळ टिकून राहते ते बघायचे आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत चव कशी पालटत गेली, यावर १०० पैकी गुण द्यायचे. या शौकाला पैसाही लागतो आणि सवडही. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यापाशी हवानातील उत्तमोत्तम सिगार पेट्यांनी मागवण्याइतकी संपत्ती होती. तो मात्र आपल्याच राजधानीत तयार होणारी चारमिनार सिगारेट ओढत असे. बिनफिल्टरची, कडक आणि अगदी स्वस्त.

१८८६ मध्ये जन्मलेला उस्मान अली १९११ मध्ये, वडील महबूब अली खान यांच्या निधनानंतर गादीवर आला. ८२ हजार चौरस मैलांहून मोठे असलेले हे संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वात श्रीमंत संस्थान होते. मराठवाड्यातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्यातच मोडत. धाराशिवला त्याचेच नाव देण्यात आले होते आणि लातूर हा त्या जिल्ह्यातील एक तालुका होता. नांदेडच्या कापड गिरणीलाही उस्मानशाही हेच नाव मिळाले.

फेब्रुवारी १९३७ मध्ये अमेरिकेतील टाइम साप्ताहिकाने जगातील सर्वात श्रीमंत माणूस म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. वडिलांच्या जुन्या जोड्यात सापडलेला १८४ कॅरटहून अधिक वजनाचा जेकब हिरा तो कागदांवर वजन म्हणून ठेवी, असे सांगितले जाते. अंगावर मात्र चुरगळलेली शेरवानी आणि डोक्यावर वर्षानुवर्षे वापरलेली तुर्की टोपी. पाहुण्यांनी टाकलेली सिगारेटची थोटकेही तो वाया जाऊ देत नसे, अशा आख्यायिका आजही सांगितल्या जातात. त्यात अतिशयोक्ती असेलही, पण त्याचा कंजूषपणा त्याच्या हयातीतच जगजाहीर झाला होता.

तरीही त्याला केवळ कंजूष ठरवणे अन्यायाचे होईल. १९१८ मध्ये त्याने स्थापन केलेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूसारख्या देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग केला. उस्मानसागर, हिमायतसागर आणि निजामसागर हे जलाशय त्याच्याच कारकिर्दीत उभे राहिले. बनारस हिंदू विद्यापीठाला त्याने देणगी दिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पालाही त्याचे साहाय्य लाभले आणि तेथील अतिथिगृह निजामाच्या नावाने ओळखले जाते.

मात्र या औदार्याचा ओलावा मराठवाड्यातील खेड्यापाड्यांपर्यंत फारसा पोहोचला नाही. संस्थानाचा काही भाग सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता होता. तेथील महसूल राज्याच्या नव्हे, थेट त्याच्या तिजोरीत जाई. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना शिक्षण आणि नोकरीसाठी उर्दूचीच वाट धरावी लागे. हिप्परग्यासारख्या आडगावातील राष्ट्रीय शाळेचे महत्त्व त्यातूनच वाढले. तेथे शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी उस्मानियातील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, तेव्हा कित्येकांना विद्यापीठ सोडून नागपूर गाठावे लागले.

१९४७ उजाडले आणि खरी परीक्षा सुरू झाली. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष होता. त्याच्या रझाकारांनी गावोगाव दहशत माजवली आणि निजामाने त्यांना आवर घातला नाही. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. हिरेजडित मुकुट आणि कंठहार ही निजामाची भेट साऱ्या जगात गाजली. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी त्याने भारत सरकारबरोबर जैसे थे करार केला. पण विलीनीकरणाला संमती दिली नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. राजाची संपत्ती आणि प्रजेचा रोष असे समोरासमोर आले होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याच सुमारास त्याच्या सरकारच्या खात्यातील दहा लाखांहून अधिक पौंड लंडनमधील पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवण्यात आले. त्या पैशाचा वाद ७१ वर्षे चालला. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, तोवर ती रक्कम सुमारे ३.५ कोटी पौंडांवर गेली होती. पैसा सुरक्षित राहिला, वाढलाही. माणसांचे तसे झाले नाही. रझाकारांच्या काळात हिंदू प्रजा होरपळली, तर पोलिस कारवाईनंतर उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीचा याविषयीचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही.

१९५० ते १९५६ या काळात उस्मान अली हैदराबादचा राजप्रमुख होता. १९६५ च्या युद्धकाळात त्याने देशाला पाच टन सोने दान केले, ही कथा अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात त्याने ४२५ किलो सोने सरकारच्या सुवर्ण रोख्यांत व्याजाने गुंतवले होते. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याचे निधन झाले. त्याची रत्ने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतली. जेकब हिराही त्यांतच आहे.

त्याच्या स्वस्त सिगारेटला कोणी साधेपणा म्हणते, तर कोणी कद्रूपणा. पण राजाचा साधेपणा त्याने स्वतःवर किती कमी खर्च केला यावरून जोखता येत नाही. त्याच्या प्रजेला काय मिळाले, यावरून तो जोखावा लागतो. सिगारेटमागे वाचवलेल्या पैशाचा हिशेब उस्मान अलीला चोख ठाऊक होता. लातूर-नांदेडच्या माणसांची किंमत मात्र त्याच्या हिशेबात कधी नीट मांडलीच गेली नाही.