जाणून घेण्याचा हक्क

रेचल कार्सन यांचा जन्म १९०७ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. आई त्यांना लहानपणापासून रानात फिरवून पक्षी, किडे ओळखायला शिकवत असे. लेखिका व्हायचे म्हणून त्यांनी पिट्सबर्गमधील महिलांच्या एका छोट्या कॉलेजात इंग्रजी विषय घेतला. तिथे मेरी स्किंकर या प्राध्यापिकांमुळे जीवशास्त्राची गोडी लागली आणि त्यांनी विषयच बदलला. १९२९ मध्ये पदवी घेऊन त्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेल्या. पुस्तकातले जीव आता किनाऱ्यावर प्रत्यक्ष दिसू लागले.

डीडीटीसारखी कीटकनाशके प्राण्यांच्या चरबीत साठतात आणि अन्नसाखळीतून पक्ष्यांपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकातून सामान्य वाचकांना समजावले. आपल्या अवतीभवती काय फवारले जाते, हे जाणण्याचा लोकांना हक्क आहे, असा त्यांचा आग्रह होता.

हे पुस्तक लिहीत असताना, १९६० मध्ये त्यांच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, पण डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितले नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून खरे कळले, तोवर आजार पसरला होता. विरोधकांच्या हाती आयते कोलीत नको म्हणून त्यांनी आजार जगापासून लपवला आणि १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. एप्रिल १९६४ मध्ये, ५६व्या वर्षी त्या गेल्या.

रुग्णाला कर्करोगाचे सांगू नका, अशी विनंती आजही नातेवाईक आम्हा डॉक्टरांना करतात. तेव्हा मला कार्सन आठवतात.