मोगलीच्या आधीचे किपलिंग: सिमल्याच्या डोंगरात सापडलेल्या गोष्टी

'जंगल बुक'वाले रुडयार्ड किपलिंग जन्मानं मुंबईकर. 1865 साली त्यांचा जन्म झाला तेव्हा वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. पण लेखक म्हणून त्यांचं नाव झालं ते डोंगरातल्या गोष्टींमुळे, मोगलीच्या कितीतरी आधी.

लहानपणीच इंग्लंडला पाठवलेले किपलिंग 1882मध्ये परतले आणि 16व्या वर्षी लाहोरच्या 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट'मध्ये पत्रकार झाले. उन्हाळ्यात इंग्रज सरकारचा कारभार सिमल्याला हलायचा. किपलिंगही तिथे जायचे. बढतीसाठीची खटपट, पार्ट्या, लफडी, सगळं कानावर यायचं. पेपरात जागा मोजकी, म्हणून गोष्टीही आटोपशीर.

1888मध्ये 40 गोष्टींचा 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' हा संग्रह आला. (नावातच कोटी: प्लेन म्हणजे साधं आणि सपाट मैदानही!)

त्यातली पहिलीच गोष्ट लिस्पेथची. कोटगढच्या मिशनमध्ये वाढलेली ही पहाडी मुलगी जखमी इंग्रजाला उचलून आणते, त्याच्याशीच लग्न करणार म्हणते. तो परत येईल, असं मिशनवाले तिला खोटंच सांगतात. खरं कळल्यावर ती आपल्या माणसांत निघून जाते. सिमल्याच्या सगळ्या गमतीजमतींपेक्षा हीच गोष्ट जास्त लागते.

विशीतल्या किपलिंगना आपल्या लोकांचा खोटेपणा इतका स्पष्ट दिसला होता. पुढे मात्र ते साम्राज्याचे कट्टर समर्थक झाले. 1907मध्ये नोबेल मिळालं, 1936मध्ये निधन झालं.

लिस्पेथ त्यांच्या मनातून गेली नसावी. 1901च्या 'किम' कादंबरीत शामलेगची बाई म्हणून ती पुन्हा भेटते. न परतलेला तो साहेब तिला अजून आठवतो.