फातेमा इस्माईल आणि स्नायूंचे ० ते ५ गुण

फिजिओथेरपिस्ट पाय वर उचलायला सांगतो, हाताने थोडा दाबून बघतो आणि कागदावर ३ किंवा ४ लिहितो. हा आकडा कसला, हे मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या आयुष्यातून चांगलं कळतं.

फातेमाबाईंचा जन्म १९०३ चा. गांधीजींचे सहकारी, गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे भाऊ. १९४० च्या दशकात त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. लस यायला अजून बरीच वर्षं होती आणि आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट शोधूनही सापडत नसत. मद्रासला डॉ. किणींच्या उपचारांनी मुलीत फरक पडला. दुसरं कुणी असतं तर घरी येऊन मोकळं झालं असतं. बाईंनी १९४७ मध्ये डॉ. बाळिगांनी दिलेल्या चौपाटीवरच्या जागेत इतरांच्या मुलांसाठी दवाखाना काढला.

आता आकड्याकडे येऊ. पोलिओचा विषाणू स्नायूला हुकूम देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मारतो. त्यामुळे एकाच पायातला एक स्नायू ठणठणीत आणि शेजारचा लुळा असू शकतो. म्हणून प्रत्येक स्नायू वेगळा तपासावा लागतो. ही पद्धत बोस्टनच्या डॉ. लोव्हेट आणि विल्हेल्मिना राइट यांनी १९१० च्या दशकात बसवली. काहीच हालचाल नाही तर ०, नुसती थरथर दिसली तर १, पाय आडवा सरकला तर २, स्वतःचं वजन पेलून वर उचलला तर ३. पुढचे ४ आणि ५ तपासणाऱ्याच्या हाताच्या दाबावर ठरतात. आमच्या भाषेत, टेस्टर बदलला की रिझल्ट बदलतो! त्यामुळे शिकलेली माणसं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५३ मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, ती म्हणून मोठी गोष्ट.

पण स्नायूला ४ मिळाले म्हणजे पोरगं जिना चढेलच असं नाही. त्यासाठी कामाची चाचणी वेगळी. १९९१ मध्ये आलेली एक तर फारच सोपी आहे: खुर्चीतून उठा, ३ मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, किती सेकंद लागले ते लिहा. मुळात म्हाताऱ्या माणसांसाठी केलेली ही चाचणी दिंद्रुडच्या एखाद्या अंगणातही मोबाईलच्या घड्याळावर घेता येते. फक्त पडू नये म्हणून शेजारी कुणीतरी हवं.

बाईंना १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेतही होत्या. १९८७ मध्ये त्या गेल्या. हाजी अलीला त्यांच्या संस्थेचं मुलांचं रुग्णालय आजही आहे.