विश्लेषण : भाऊ व्हाइसरॉय, बहीण बंडखोरांच्या बाजूने! कोण होत्या शार्लट डेस्पार्ड?

आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजवटीचे तिथले प्रमुख होते लॉर्ड फ्रेंच. त्याच राजवटीच्या अत्याचारांचे पुरावे गोळा करत फिरणारी वृद्ध महिला होती त्यांची सख्खी बहीण, शार्लट डेस्पार्ड.

श्रीमंत घरातून गरीब वस्तीत कशा आल्या?

शार्लट यांचा जन्म 1844 चा, मूळच्या आयरिश घराण्यातला. वडील लवकर गेले, आई मनोरुग्णालयात. आठ वर्षांनी लहान जॉनला बहिणींनीच वाढवले. 1870 मध्ये मॅक्सिमिलियन डेस्पार्ड या धनाढ्य व्यापाऱ्याशी त्यांचे लग्न झाले. 1890 मध्ये पतीचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. मग त्या लंडनच्या बॅटरसी भागातील नाइन एल्म्स या कामगार वस्तीत राहायला गेल्या. तिथे दवाखाना आणि क्लब स्वखर्चाने चालवला. तिथली गरिबी पाहून त्या समाजवादाकडे वळल्या.

‘मत नाही तर कर नाही’ काय होते?

महिलांच्या मताधिकारासाठी 1907 मध्ये त्यांनी तुरुंगवास भोगला. पँकहर्स्ट यांच्या संघटनेत सगळे निर्णय मोजकेच लोक घेतात, या नाराजीतून त्याच वर्षी वुमेन्स फ्रीडम लीग स्थापन झाली. डेस्पार्ड तिच्या अध्यक्ष झाल्या. हिंसा टाळून कायदा मोडायचा, ही लीगची पद्धत. कायदे करण्यात महिलांना वाटा नसेल तर त्यांनी कर का भरावा, हा त्यांचा सवाल होता. कर थकला की सरकार घरातले सामान जप्त करी. डेस्पार्ड यांच्यावर ही वेळ अनेकदा आली. 1909 मध्ये लंडनमध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली होती.

भावाशी संघर्ष का झाला?

1914 मध्ये जॉन फ्रान्समधील ब्रिटिश फौजेचे सेनापती होते, तर डेस्पार्ड युद्धविरोधी प्रचारात. 1918 मध्ये जॉन आयर्लंडचे व्हाइसरॉय झाले, तर डेस्पार्ड यांनी स्वातंत्र्यवाद्यांची बाजू घेतली. मॉड गॉन यांच्यासोबत त्या गावोगाव फिरल्या. नाक्यावर गाडी अडवली की त्या आपण व्हाइसरॉयची बहीण असल्याचे सांगत आणि अधिकारी गोंधळून जात. पण याची किंमत मोठी होती. 1925 मध्ये मृत्युशय्येवरही जॉन यांनी त्यांना भेटण्यास नकार दिला.

अखेरचा काळ कसा होता?

आयर्लंडमध्ये स्वतःचे सरकार आले, तरी डेस्पार्ड थांबल्या नाहीत. राजकीय कैद्यांसाठी त्या नव्या सरकारशीही भांडल्या. 1930 मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाला भेट दिली. 1933 मध्ये साम्यवादविरोधी जमावाने डब्लिनमधील त्यांच्या मालकीच्या घरावर हल्ला केला. पुढे त्या बेलफास्टकडे गेल्या.

नोव्हेंबर 1939 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी, घरात पडल्यानंतर त्यांचे निधन झाले. तोवर ब्रिटन आणि आयर्लंड दोन्हीकडे महिलांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला होता. डेस्पार्ड यांची संपत्ती मात्र चळवळींवर खर्च होऊन संपली होती.