आल्फ्रेड नोबेल : स्फोटक द्रव आणि हृदयशूळ

जबलपूर : तोफगाड्यांचा कारखाना आणि खमरियाची आयुध निर्माणी यांमुळे या शहराला दारूगोळा परका नाही. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल हेही परिचित नाव. त्यांच्या छातीतील कळेची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

स्टॉकहोम येथे १८३३ मध्ये जन्मलेल्या नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल ३ सप्टेंबर १८६४ रोजी नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात दगावला. तरीही त्यांनी तो द्रव सोडला नाही. सच्छिद्र मातीत मुरवून त्यांनी तो हाताळण्याजोगा केला आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट मिळवले. या द्रवाच्या संपर्काने कामगारांचे डोके ठणकत असे, कारण तो रक्तवाहिन्या सैल करतो. लंडनचे डॉ. विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हृदयशूळावर त्याच्या अल्प मात्रेचा उपयोग प्रसिद्ध केला.

पुढे नोबेल यांनाच हृदयशूळ जडला आणि १८९६ मध्ये डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले! लोकांनी धास्तावू नये म्हणून औषधाचे नाव तेवढे ट्रायनायट्रिन ठेवले होते. दैवाचा हा खेळ त्यांनी सहकारी राग्नार सोलमन यांना पत्राने कळवला. त्याच वर्षी १० डिसेंबरला सान रेमो येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

विश्रांती घेत असतानाही हृदयधमनी अचानक आकसून कळ येते, असा विकार मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये वर्णिला. त्यावरही जिभेखाली हेच औषध देतात. त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. या वायूचे रक्ताभिसरणातील कार्य उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.