दातांवरील किटणात सजीव सृष्टी पाहणारा ल्युवेनहॉक

हॉलंडमधील डेल्फ्ट या नगरात २४ ऑक्टोबर १६३२ रोजी ॲन्टोनी व्हॅन ल्युवेनहॉक यांचा जन्म झाला. वडील टोपल्या विणत. ॲन्टोनींच्या बालपणीच ते निवर्तले. विद्यापीठाचे शिक्षण नाही, विद्वानांची लॅटिन भाषाही अवगत नाही. ॲम्स्टरडॅमला कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून त्यांनी डेल्फ्टमध्ये स्वतःचे दुकान थाटले. फावल्या वेळात ते भिंगे घासू लागले. त्यांचे एक उपलब्ध भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखविते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८० साली या दुकानदाराला सदस्यत्व बहाल केले.

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्यांनी स्वतःच्या दातांविषयी लिहिले. ते रोज मिठाने दात घासत, कापडाने पुसत. तरीही दातांच्या फटींत पांढरे किटण उरे. ते पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरताच असंख्य सूक्ष्म जीव हालताना दिसले. मग त्यांनी तीव्र व्हिनेगरने चुळा भरल्या. किटणातील जीव तरीही जिवंत राहिले. मात्र पाण्यात कालवलेल्या किटणात व्हिनेगरचा थेंब पडताच ते मेले. व्हिनेगर थराच्या आत शिरत नाही, हे त्यांनी अचूक ताडले.

यामागील कारण पुढील काळातील विज्ञानाने उलगडले. घासलेल्या दातावर लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा लगेच बसतो. त्याला काही जिवाणू चिकटतात आणि त्यांना इतर जातींचे जिवाणू बिलगतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू साखरेपासून चिकट द्रव्य बनवितो. त्याने ही वस्ती घट्ट सांधली जाते. साखरेपासूनच निर्माण होणारे आम्ल दाताचे कवच झिजविते आणि दात किडतो. एकटा जिवाणू दुबळा असतो; वस्तीच्या आश्रयाने तो चिवट बनतो. म्हणून नुसती चूळ पुरत नाही. किटण रोज घासूनच काढावे लागते.

पाच अपत्यांपैकी एकच कन्या जगली. पत्नीही लवकर गेली. तरी निरीक्षणाचा नेम मोडला नाही. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मोहर्लीच्या अरण्यप्रदेशातील आपल्या मुलांना या चरित्रातून दोन गोष्टी घेता येतील. घरची गरिबी वा पदवीचा अभाव ज्ञानाची वाट अडवू शकत नाही. ऐकीव गोष्ट स्वतः तपासून पाहण्याची वृत्ती मात्र हवी. आणि वसतिगृहाच्या नळावर सकाळ-रात्र दात घासणे ही केवळ शिस्त नव्हे; रोज नव्याने वसू पाहणारी ती वस्ती रोज उठविण्याचे ते काम आहे.